अपलिफ्टिंग ट्रान्स: रडक्या सुरांवर लोक हात वर करून का नाचतात?

रात्रपाळी (मंगळवार, रात्री ११:४२)

इथे नाट्यगीतांवर, गझलेवर, जुन्या हिंदी गाण्यांतल्या ॲकॉर्डियनवरसुद्धा धागे निघालेत. इलेक्ट्रॉनिक संगीताचा विषय निघाला की मात्र 'ढिंच्यॅक' म्हणून दोन प्रतिसादांत गाशा गुंडाळला जातो. म्हणून हा धागा.

विषय फक्त अपलिफ्टिंग ट्रान्स. ईडीएमच्या (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकच्या) नावाखाली लग्नाच्या संगीतात जे वाजतं त्याबद्दल बोलायचं नाहीये. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वेग मिनिटाला १३२ ते १४० ठोके, हल्ली बरेचदा १३८. ट्रॅक सात-आठ मिनिटांचा. सुरुवातीला नुसता किक (ढोलासारखा ठोका) आणि बेस (खालचे खोल सूर), वर एकेक थर चढत जातो. मग मध्यावर किक गायब. लांब सूर, पियानो किंवा स्ट्रिंग्ज, आणि त्यावर एक चाल, जी तोपर्यंत धड ऐकूच आलेली नसते. हा ब्रेकडाउन. मग स्नेअर ड्रमची सरबत्ती, खालून वर चढत जाणारा 'श्श्श' असा आवाज, क्षणभर सगळं बंद (हा बिल्ड-अप), आणि पुन्हा तीच चाल, पण आता किक-बेससकट (हा ड्रॉप).

या शेवटच्या जागेला हजारो माणसं हात वर करतात, अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतात, काही चक्क रडतात. आणि यातल्या बहुतेक चाली मायनरमध्ये असतात! ज्या स्केलला सगळे 'दुःखी' म्हणतात त्यात.

एकच उदाहरण देतो. सॅम्युअल बार्बर या अमेरिकन संगीतकाराने १९३६ मध्ये स्ट्रिंग क्वार्टेटसाठी एक संथ भाग लिहिला. १९३८ पासून तो 'अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज' म्हणून ऑर्केस्ट्रावर वाजतो. १९४५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट गेले तेव्हा तिकडच्या रेडिओवर हेच लागलं होतं. तेव्हापासून हे तिकडे शोकसभेचं संगीत. १९९९ मध्ये विल्यम ऑर्बिटने ते सिंथवर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर) केलं, फेरी कोर्स्टनने त्याचा ट्रान्स रीमिक्स केला, आणि २००४ मध्ये टिएस्टो या डच डीजेने आपली वेगळी आवृत्ती काढली. मयताच्या त्या सुरांवर स्टेडियम उड्या मारतं. सूर तेच आहेत हो. मग नेमकं बदललं काय?

जाणकारांनी इस्कटून सांगावे.

चहाटळ (मंगळवार, रात्री ११:५५)

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. जुनी पेठ काका अजून कसे आले नाहीत?

जुनी_पेठ (बुधवार, सकाळी ६:१०)

आलो. रात्री अकरा वाजता सभ्य माणसं झोपलेली असतात.

सूरबिर काही नाही त्यात. मिनिटभर आवाज कमी करायचा आणि मग दणकन वाढवायचा. कुठलाही माणूस दचकेल, त्याला तुम्ही आनंद म्हणता. बाकीचा आनंद खिशातल्या पुडीत असतो, तो वेगळा. मोठा आवाज म्हणजेच युफोरिया (तुमची ती आनंदाची लाट) असेल तर अनंत चतुर्दशीला आमच्या गल्लीत स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा खिडक्यांच्या काचांना होतो तोही युफोरियाच म्हणायचा.

फेडर (बुधवार, दुपारी १:२०)

काका, आवाज 'दणकन वाढवतात' हे मीटरवर दिसत नाही. मी घरी हौस म्हणून ट्रॅक करतो (ऐकणारी बायको एकटी, तीही नाइलाजाने). आत्ता प्रोजेक्ट समोर उघडा आहे, त्यातून बघून सांगतो.

१३८ च्या वेगात एक ठोका ०.४३ सेकंदाचा. ३२ बार म्हणजे १२८ ठोके, जेमतेम ५६ सेकंद. माझा ब्रेकडाउन ६४ बारांचा आहे, म्हणजे पावणेदोन मिनिटांहून जास्त वेळ किक नाही. त्याआधी तीन मिनिटं दर ०.४३ सेकंदाला पोटात ठोका बसत होता, अंगाला त्याची सवय लागली होती. तो काढून घेतला की नाचणारा आपोआप थांबतो. ओस्लो विद्यापीठात लोकांच्या अंगावर मार्कर लावून, त्यांना असं संगीत लावून देऊन हे मोजलंय: ब्रेकडाउनला हालचाल घटते, ड्रॉपला उसळते.

आता बिल्ड-अप. पॅड (मागचे लांब सूर) आणि लीडवर (मुख्य चालीवर) हाय-पास फिल्टर लावून खालचे आवाज छाटत नेतो. १५० हर्ट्झच्या खाली काही उरत नाही, शेवटच्या आठ बारांत तर ३०० च्या खालीही नाही. स्टिरिओची रुंदी आवळत आवळत सगळं मधोमध मोनोत आणतो. स्नेअर आधी ठोक्याला एक, मग दोन, मग चार. मास्टर, म्हणजे एकूण आवाज, एखाद-दीड डेसिबल खाली घेतो, हे तर कुणाच्या लक्षातही येत नाही. शेवटचा ठोका संपूर्ण रिकामा, त्यात फक्त रिव्हर्बचं (आवाजाच्या घुमण्याचं) शेपूट.

आणि ड्रॉपला नवीन काहीही टाकत नाही. फिल्टर उघडला, रुंदी परत दिली, किक-बेस परत दिले. मीटर तीन मिनिटांपूर्वी जिथे होता तिथेच. ऐकणाऱ्याला वाटतं छप्पर उडालं. विसर्जनाच्या भिंती संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकाच पातळीवर ठणाणतात. तिथे काढून घेतच नाहीत, तर परत काय देणार?

दुसरी गोष्ट सुपरसॉ. १९९६ मध्ये रोलँडने जेपी-८००० नावाचा सिंथ काढला. त्यात एका पट्टीवर सात सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या आकाराच्या) लहरी एकदम वाजतात: मधली नेमकी सुरात, बाकीच्या सहा किंचित वर-खाली. ४४० आणि ४४२ हर्ट्झ एकत्र वाजवले की आवाज सेकंदाला दोनदा हेलकावतो. इथे सात लहरींचे असे कितीतरी हेलकावे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे सूर जागेवर असूनही आतून सळसळत राहतो. भजनी मंडळात दहाजण एकच षड्ज लावतात तेव्हा जो जाडपणा येतो ना, तो. एकटा गवई कितीही जोर लावून गायला तरी तो यायचा नाही. नव्वदीच्या शेवटाला हा आवाज ट्रान्सची ओळखच झाला.

चहाटळ (बुधवार, दुपारी १:३१)

वहिनींना आमचा दंडवत.

कोमल_निषाद (बुधवार, रात्री १०:०५)

मी पेटी वाजवते, ट्रान्समधलं शून्य कळतं. धागाकर्त्यांनी व्यनितून (खासगी निरोपातून) चार ट्रॅक पाठवले, ते ऐकून लिहिते.

मायनर म्हणजे साधारण आपला आसावरी थाट: गंधार, धैवत, निषाद कोमल. चारपैकी तीन ट्रॅकमध्ये कॉर्डचं (एकदम दाबलेल्या तीन सुरांच्या जुळणीचं) चक्र एकच निघालं. पांढरी सहा हा सा धरला तर आधी सा-ग-प हा मायनर, मग कोमल धैवतावरचा मेजर (मायनरच्या उलट, उजळ वाटणारा), मग कोमल गंधारावरचा मेजर, मग कोमल निषादावरचा मेजर. पाश्चात्त्य नावांनी ए मायनर, एफ, सी, जी. म्हणजे 'दुःखी' म्हणून ज्याची ओळख करून दिली त्यात चारातले तीन कॉर्ड मेजर!

पुढचं पेटीवर करून बघणं अवघड, कारण डावा हात भात्यावर. मुलीचा कॅसिओ घेतला. तुम्हीही करून बघा. उजव्या हाताने वरचा पंचम, म्हणजे पांढरी तीन, दाबून ठेवायचा आणि अजिबात सोडायचा नाही. डाव्या हाताने आत्ता सांगितलेले चार कॉर्ड एकामागून एक. पहिल्या कॉर्डवर पंचम शांत बसतो. दुसऱ्यावर तोच सूर टोचायला लागतो, कारण एफचं सप्तक धरलं तर तो शुद्ध निषाद झाला, षड्जाला खेटून उभा. तिसऱ्यावर सी आला की तोच सूर शुद्ध गंधार होतो आणि एकदम सगळं उजळतं. वरचं बोट हललेलं नाही. हलला तो सा.

याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. सूर तेच ठेवून षड्ज कोमल गंधारावर नेला की आसावरीचा बिलावल होतो. आपले गवई हे मैफलीत क्षणभर दाखवतात आणि लगेच परत येतात, कारण मागे तानपुरा मूळ सा धरून बसलेला असतो. इथे तानपुरा नाही. सा सरकत राहतो, उजेडात जातो, आणि चक्र पूर्ण झालं की पुन्हा मायनरवर येऊन पडतो. मला तरी यात दुःखाचा आनंद झाला असं ऐकू येत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू असतात आणि कान ठरवू शकत नाही.

याच्या उलट उदाहरण मुंबईतच आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे. त्यांनी १९८२ मध्ये रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि त्याची रेकॉर्ड निघाली. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले लोक थक्क झाले. ती ऐका. ठेका आहे, सिंथ आहेत, वेगही आहे, पण सा जागचा हलत नाही. झिंग येते, डुलायला होतं, पण कुणीतरी खालून उचललं असं होत नाही.

रात्रपाळी (बुधवार, रात्री ११:१८)

कोमलताई, कामावर असताना गुपचूप फोनवरच्या पियानो ॲपवर करून पाहिलं. तिसऱ्या कॉर्डला अंगावर काटा आला, शेजारच्या खुर्चीवरचा विचारतोय काय झालं.

तिरफळ (गुरुवार, सकाळी ९:४०)

सा न हलण्याचा मुद्दा पटला, कारण आमच्याकडचं ट्रान्स नेमकं तसंच आहे. मी म्हापशाचा. धाग्यात अजून गोव्याचं नाव कसं आलं नाही याचंच नवल वाटत होतं.

हणजूण (अंजुना), वागातोरच्या पार्ट्यांत जे घडलं ते गोवा ट्रान्स. नव्वदीच्या सुरुवातीला त्याला आकार आला. तिथे डीजे तबकड्या फारशा वापरत नसत, उन्हाने आणि दमट हवेने त्या वाकायच्या. सगळं डॅट टेपवर (डिजिटल कॅसेटवर). डॅटवर वेग जुळवायची सोय नसायची, म्हणून एक ट्रॅक पुढच्यात घुसवण्यापेक्षा लांबलचक सुरुवात-शेवट असलेले ट्रॅक एकापुढे एक. रात्री सुरू झालेलं सकाळी ऊन चढेपर्यंत. तिथला डीजे गोवा गिल (२०२३ मध्ये गेला) तर याहून लांब वाजवायचा. त्या संगीतात बेस बहुतेक वेळ एकाच सुरावर, वर त्याच टीबी-३०३ च्या वळवळणाऱ्या ओळी, कोमल रिषभाचा भरपूर वापर. मोठा ब्रेकडाउन नाही, हात वर करायची ठरलेली जागा नाही. जे काही व्हायचं ते चार-पाच तासांनी, उजाडताना व्हायचं.

दोन्हींना जोडणारे धागे आहेत. डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकनफोल्ड या इंग्लिश डीजेने बीबीसी रेडिओ १ वर जो दोन तासांचा 'गोवा मिक्स' लावला, त्याने हे सगळं इंग्लंडच्या घराघरांत नेलं. आणि अबव्ह अँड बियाँड या ब्रिटिश ट्रान्स गटाचं २००० साली सुरू झालेलं लेबल अंजुनाबीट्स, त्याचं नाव आमच्या हणजूणवरूनच. जगभर लोक अंगावर ते नाव गोंदवून घेतात, आणि हणजुणात बुधवारच्या बाजारात कुणाला विचाराल तर 'खंयचे बीट्स?' म्हणेल.

आता रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग. गावकरी म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे, घरात म्हातारी माणसं आहेत. पण पहाटेसाठी बनलेलं संगीत संध्याकाळी पाच ते दहा वाजवून त्यातून तेच मिळेल ही अपेक्षा कुणी करू नये. २००७ मध्ये कांदोळीला सनबर्न हा संगीत महोत्सव सुरू झाला तो मोठ्या स्टेजचा, ठरलेल्या वेळेचा प्रकार. तिथे तुमचं अपलिफ्टिंग बरोबर बसतं, कारण त्याला पहाट लागत नाही, पहाट ट्रॅकमध्येच घालून दिलेली असते.

जुनी_पेठ (गुरुवार, सकाळी ९:५२)

गावकरी म्हणून जे लिहिलंत त्याला +१. बाकी पुडीच्या मुद्द्याला सगळ्यांनी शिताफीने बगल दिली, हे नोंदवून ठेवतो.

कॉन्ट्रास्ट_डाय (गुरुवार, दुपारी ३:३०)

बगल कशाला? ऐंशीच्या अखेरीपासून इंग्लंडमधल्या रेव्हना (रात्रभराच्या नाचपार्ट्यांना) एमडीएमए या नशेच्या गोळीची साथ होती, हे उघड आहे. 'युफोरिया' हा शब्द या संगीताला तिथूनच चिकटला असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण गोळी न घेता हे होतं का, याचं उत्तर स्कॅनरमधून मिळालेलं आहे. माझं रोजचं काम स्कॅनरचंच, म्हणून लिहिते.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला प्रयोग, २०११ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये आला. ज्यांना संगीत ऐकून हमखास काटा येतो अशी माणसं निवडली. प्रत्येकाने आपापलं संगीत आणायचं, बिनशब्दांचं. पेट स्कॅनसाठी रॅक्लोप्राइड नावाचं किरणोत्सारी खूण लावलेलं द्रव्य देतात. ते मेंदूत डोपामिन या सुखाशी जोडलेल्या रसायनाच्याच जागांवर जाऊन बसतं, त्यामुळे डोपामिन सुटलं की त्याला जागा कमी मिळते आणि ते चित्रात दिसतं. निघालं असं, की काटा येण्याच्या क्षणी न्यूक्लिअस अकम्बन्स या मेंदूच्या भागात डोपामिन वाढतं. पण त्याच्या आधीच्या काही सेकंदांत, म्हणजे नुसती वाट बघताना, ते कॉडेट नावाच्या दुसऱ्या भागात वाढलेलं असतं. वाट बघणं आणि मिळणं, दोन्हींचा हिशोब मेंदू वेगळा ठेवतो. फेडर यांचा बिल्ड-अप पहिल्यावर काम करतो, ड्रॉप दुसऱ्यावर.

रात्रपाळी, तुमच्यासाठी खास: त्या लोकांनी आणलेल्या संगीतात बार्बरचं अडाजिओ पुन्हा पुन्हा आलं, आणि नाचाच्या संगीतात त्याचंच रीमिक्स. मूळ अडाजिओ ऐकलंत तर लक्षात येईल की चाल पायरी पायरीने वर चढत जाते, व्हायोलिनं अगदी टोकाला पोहोचतात, आणि तिथे सगळं थांबतं. लांब शांतता. नंतर ते हळू आवाजात परत खाली येतं. बिल्ड-अप आणि रिकामा ठोका बार्बरने १९३६ मध्येच लिहून ठेवलेत. ड्रॉप तेवढा दिला नाही. टिएस्टोने तो दिला.

रात्रपाळी (गुरुवार, दुपारी ३:५८)

_/\_ याच उत्तरासाठी धागा काढला होता.

उत्तरध्रुव (गुरुवार, रात्री ११:१५)

नेदरलँड्समधून. उशिरा आलो, वाखू (वाचनखूण) साठवली.

स्कॅनर, कॉर्ड सगळं मान्य, पण हॉलमध्ये जे होतं ते हेडफोनवर होत नाही. उत्रेख्तच्या यारबर्समध्ये आर्मिन व्हान ब्यूरन या डच डीजेच्या 'अ स्टेट ऑफ ट्रान्स'चा सोहळा बरीच वर्षं व्हायचा, आता रॉटरडॅमला होतो. (हा गृहस्थ लायडनला कायदा शिकलेला, रेडिओ कार्यक्रम २००१ पासून चालू.) ब्रेकडाउनला तिथे लोक नाचत नाहीत, एकमेकांकडे बघतात. तोपर्यंत प्रत्येकजण आपापल्या तंद्रीत असतो. किक गेला की माना वर होतात, शेजारच्याशी नजरानजर होते, आणि दोघांनाही ठाऊक असतं की आता काय येणार आहे. हे दर ट्रॅकला घडतं, तरी शिळं होत नाही.

शिवाय खालचा बेस. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या लोकांनी एका खऱ्या मैफलीत कानाला ऐकूच येणार नाहीत इतके खोल आवाज देणारे स्पीकर अधूनमधून चालू-बंद केले. प्रेक्षकांना पत्ता नाही. चालू असताना नाच सरासरी ११.८ टक्के वाढला (२०२२ चा शोधनिबंध). फोनला हे कुठून जमणार?

इकडे आवाजाची मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीला १०३ डेसिबल, तीही कमी नाही. दारात इअरप्लग मिळतात, मुकाट्याने घ्यावेत. कैरोच्या अली अँड फिला या जोडीतल्या एकाने कानाला इजा झाल्यावर स्टेज सोडलं, दुसरा एकटाच फिरतो.

जुनी_पेठ (शुक्रवार, सकाळी ६:२५)

एक प्रामाणिक शंका. तुम्हीच सांगताय की सगळे ट्रॅक एकाच साच्याचे: कॉर्ड तेच, ६४ बार तेच, स्नेअर एक-दोन-चार. काय होणार ते पाठ आहे. मग अपेक्षा कसली? रागात निदान पुढची तान माहीत नसते.

कोमल_निषाद (शुक्रवार, सकाळी ११:००)

पण सम माहीत असते की! तिहाई सुरू झाली की अख्ख्या सभागृहाला कळतं ती कुठे पडणार, आणि तरीही तिथे दाद येते. कुठे हे पक्कं, कसं हे उघडं. साचा असण्याबद्दल माझी तक्रार नाही. मधली चाल फुसकी असली तर मात्र उघडं पडतं, आणि चारातला एक ट्रॅक अगदी तसाच होता. कुठला ते सांगत नाही, धागाकर्त्यांचा आवडता निघायचा.

फेडर (शुक्रवार, दुपारी १:०५)

काकांशी अर्धा सहमत. २००० नंतर साच्याचं कारखान्यात रूपांतर झालं, बिल्ड-अप लांबत गेले आणि त्यांच्या टोकाला सांगण्यासारखी चालच नसायची.

चहाटळ (शुक्रवार, दुपारी १:४०)

अज्ञानी बालकाने सुरुवात कुठून करावी?

उत्तरध्रुव (शुक्रवार, संध्याकाळी ७:५०)

रॉबर्ट माइल्सचं 'चिल्ड्रन', १९९५. इटलीत क्लबमधून पहाटे गाडी हाकत घरी जाताना पोरं अपघातात मरत होती. रात्रीच्या शेवटी डोकं शांत करणारं काही असावं, हाही ते करण्यामागचा एक विचार होता. पियानोची चाल ऐक.

मग पॉल व्हान डाइकचं 'फॉर अॅन एंजल', मूळ १९९४ चं, पण १९९८ ची आवृत्ती ऐक. हा पूर्व बर्लिनमध्ये वाढला, पश्चिमेकडची रेडिओ स्टेशनं चोरून ऐकत. त्यानंतर रँक १ चं 'एअरवेव्ह', १९९९. कोमलताईंचा बोट न हलवण्याचा प्रकार डोक्यात ठेवून ऐकलंस तर जास्त मजा. मग अली अँड फिलाचं काहीही, १३८ ची सवय होईल.

चहाटळ (शनिवार, सकाळी १०:३०)

तिन्ही ऐकली. छान आहेत, पण काटाबिटा काही आला नाही. बहुतेक माझ्यात डोपामिन कमी.

फेडर (शनिवार, सकाळी १०:४४)

कशावर ऐकलंस?

चहाटळ (शनिवार, सकाळी १०:४६)

फोनच्या स्पीकरवर. पोहे करता करता.

फेडर (शनिवार, सकाळी १०:५८)

अरे बाबा, फोनच्या स्पीकरमधून खालचा बेस येतच नाही. म्हणजे तुझा ट्रॅक पहिल्या सेकंदापासून ब्रेकडाउनमध्येच होता. इअरफोन लाव, आणि पुढे ढकलू नकोस, आधीची तीन मिनिटं कंटाळा आला तरी ऐक.

चहाटळ (शनिवार, सकाळी ११:०२)

इअरफोनची डावी बाजू बंद आहे. चालेल?

फेडर (शनिवार, सकाळी ११:०३)

नाही. सातातल्या निम्म्या लहरी डावीकडे आहेत.

जुनी_पेठ (शनिवार, सकाळी ११:२०)

माझ्याकडे जुना ॲम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. चहाटळ, पोहे घेऊन ये. आवाज मी ठरवणार.